अ‍ॅराल्डाइट स्टँडर्ड: पिस्तुलाची मोडकी मूठ जोडायला घ्यावं का?

शोभेच्या, जुन्या धर्तीच्या पिस्तुलाची लाकडी मूठ मोडली असेल तर दोन ट्यूबवालं, सावकाश धरणारं अ‍ॅराल्डाइट स्टँडर्ड घ्या. पाच मिनिटवालं नको, फेव्हिक्विक तर नकोच. पण नुसतं चिकटवून सोडून दिलं तर हेही टिकायचं नाही. आत पिन घालावीच लागते, आणि आपल्याकडच्या, विदर्भातल्या उन्हाळ्याचा विचार जोडायच्या आधी करावा लागतो. पाचपैकी चार गुण. एक कापलाय तो उन्हासाठी.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हे सगळं शोभेच्या, बार न उडणाऱ्या पिस्तुलासाठी आहे: वाड्याच्या भिंतीवर टांगलेलं, दसऱ्याला शस्त्रपूजेत मांडलेलं, शाळेच्या गॅदरिंगमधलं किंवा झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात खलनायकाच्या हातातलं. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक हा वेगळा विषय. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्तीचा धंदा करायलाच परवाना लागतो. ती परवानाधारक दुकानातच न्या. बाराचा धक्का दस्त्यावर, म्हणजे नळी ज्यात बसते त्या लाकडावर, किती येतो हे ज्याला ठाऊक आहे, तो तिला घरी गोंद लावत बसत नाही.

आता मूठ मोडते कुठे ते बघू. दहातली नऊ पिस्तुलं एकाच जागी मोडतात: घोड्याच्या (बारावर आपटणाऱ्या खटक्याच्या) मागे, जिथे दस्ता खाली वळून मूठ सुरू होते. कारण साधं आहे. दस्ता सरळ फळीतून कापलेला असतो, त्यामुळे लाकडाचे रेषे नळीच्या दिशेनं जातात. मूठ मात्र खाली वळते. म्हणजे वळणावर रेषे मुठीला लांबीनं धरून न राहता आडवे-तिरपे कापले जातात. त्यात नेमकी तिथेच घोडा ज्यावर बसवलेला असतो त्या पत्र्यासाठी खाच, चापासाठी चीर आणि वरून खाली जाणाऱ्या स्क्रूचं भोक. बाहेरून २५ मिलिमीटर जाड दिसणाऱ्या मुठीत त्या जागी खरं लाकूड अनेकदा १०-१२ मिलिमीटरच उरलेलं असतं. खालच्या टोकाला पितळी टोपी असली की पिस्तूल पडताना तोच भाग आधी आपटतो, आणि सगळा झटका त्या कमजोर वळणावर जातो.

दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं आणि विदर्भात तेच जास्त नडतं. नळीच्या शेपटीतून, म्हणजे तिच्या मागच्या पट्टीतून, खाली चापाच्या पट्टीत जाणारा एक लांब स्क्रू असतो. एप्रिल-मे महिन्यात हवा कोरडीठाक होते, लाकूड आक्रसतं आणि तो स्क्रू ढिला पडतो. मग कोणीतरी पेचकस घेऊन तो गच्च आवळतो. जुलैत लाकूड ओल धरून फुगतं, पण आता फुगायला जागा नसते. तड जाते ती तेव्हा. आधी केसासारखी रेघ दिसते, आणि पुढच्या धक्क्याला मूठ हातात येते. अशी तड नुसती चिकटवून स्क्रू पुन्हा तसाच आवळला, तर पुढचा पावसाळा ती पुन्हा उघडणार. गोंद कोणताही असो.

दुकानात काय काय मिळतं, तेही बघून घेऊ. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये किंवा बाजाराच्या दिवशी लागणाऱ्या दुकानात चार गोष्टी हमखास असतात: फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, एम-सील आणि अ‍ॅराल्डाइट. गंमत म्हणजे २०२० मध्ये फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइटनं हंट्समन कंपनीकडून भारतातला अ‍ॅराल्डाइटचा धंदा विकत घेतला, तेव्हापासून ही चारही भावंडं एकाच घरची आहेत. म्हणून कंपनी बघून निवडू नका, मोड बघून निवडा.

फेव्हिकॉल लाकडाला उत्तमच. पण त्याला तुकडे एकमेकांत तंतोतंत बसलेले लागतात आणि सुकेपर्यंत दाब लागतो. ताजी, स्वच्छ, रेषांच्या बाजूनं गेलेली तड असेल आणि एकही चिपळी हरवलेली नसेल, तर एसएचनंही (साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलनंही) काम होतं, वर ते स्वस्त आणि पुसायला सोपं. मुठीच्या वळणावरची मोड मात्र अशी क्वचितच असते. तिथे चुरा झालेला असतो, फटी राहतात, आणि पांढरा गोंद फट भरत नाही, सुकताना आत बसतो. शिवाय साध्या एसएचला ओल सोसत नाही. पावसाळ्यात मातीच्या भिंतीवर टांगायचं असेल तर निदान ओल सोसणारं फेव्हिकॉल मरीन घ्या.

फेव्हिक्विक कडक आणि ठिसूळ होतं. ओढलं तर धरून ठेवतं, झटका बसला की काचेसारखं सुटतं. त्याहून मोठा तोटा नंतर कळतो. ते पातळ असल्यानं रेषांत खोल शिरतं आणि तुटलेल्या पृष्ठावर काचेसारखा थर बसवतं. मग त्यावर काहीही लावा, लाकडाला ते शिवतच नाही. एम-सील नळाच्या गळतीला चांगलं. लाकडी मोडीत ते शिरत नाही, नुसतं मध्ये लगदा होऊन बसतं आणि दोन्ही तुकडे एकमेकांपासून दूर ढकलतं. वर त्याचा राखाडी रंग शिसमवर लांबूनही दिसतो.

राहिलं अ‍ॅराल्डाइट. त्यातलं पाच मिनिटवालं क्लिअर घ्यायचा मोह फार होतो, विशेषतः दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस असतात आणि दुसऱ्या रात्री प्रयोग उभा असतो तेव्हा. पण ते लाकडात मुरायच्या आधीच घट्ट होतं, आणि ओल-उष्णता दोन्हींत सावकाश प्रकारापेक्षा कमी पडतं. नोव्हेंबरात पाच मिनिटं मिळतात, मे महिन्यात दोन-तीनच. तेवढ्यात मिसळायचं, दोन्ही बाजूंना लावायचं, जुळवायचं आणि बांधायचं, हे होत नाही. प्रयोग उद्याच असेल तर दुसरं पिस्तूल मागून आणा आणि हे नीट दुरुस्त करा.

स्टँडर्डच्या १८० ग्रॅमच्या पाकिटात १०० ग्रॅम रेझिन (मूळ गोंद) आणि ८० ग्रॅम हार्डनर (तो घट्ट करणारं) असतं. हे बघून काही जण वजनाच्या हिशोबानं एक ट्यूब जास्त पिळतात, काहींना वाटतं माल कमी भरलाय. दोन्ही चूक. हार्डनर वजनाला हलकं आहे, त्यामुळे आकारमानानं दोन्ही जवळपास सारखंच भरतं. फरशीच्या तुकड्यावर दोन सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या रेघा काढा, झालं १:१. एका मुठीला प्रत्येकी दोन-तीन मिलिलिटर पुरतं, म्हणजे घरगुती कामाला छोटं पाकीटच घ्या. हार्डनर जास्त पडल्यानं लवकर धरत नाही. उलट जोड रबरासारखा मऊ राहतो आणि तसाच राहतो. सपाट काडीनं पूर्ण दोन मिनिटं मिसळा, कडेचं मध्ये ओढत. रेघा दिसतायत तोवर मिसळलेलं नाही असं समजा. आणि झाकणं अदलाबदल करू नका. रेझिनच्या तोंडावर हार्डनरचं झाकण बसलं की ती ट्यूब पुढच्या वेळी उघडत नाही.

हिवाळ्यात गोंदियाकडे रात्री पारा ८-१० अंशांवर येतो तेव्हा रेझिन मधासारखं घट्ट होतं, कधी दाणेदार पांढरंही दिसतं. ते खराब झालेलं नसतं. झाकण घट्ट लावून ट्यूब कोमट-गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पुन्हा नितळ होते.

आता जोडायचं कसं. सगळे धातूचे भाग आधी उतरवा: नळी, घोड्याचा पत्रा, चापाची कडी, मुठीची टोपी. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पिस्तुलाचं चित्र काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा, नाहीतर लांब स्क्रू आखूड भोकात जाऊन नवी तड देतो.

तुटलेले दोन्ही चेहरे काचकागदानं घासू नका. ही सर्रास होणारी चूक आहे. त्या कुसळांमध्येच खरी पकड असते. घासून सपाट केलं की तुकडे जुळत नाहीत आणि मूठ मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं आखूड होते. फक्त मऊ ब्रशनं धूळ काढा. बाहेर वळलेलं कुसळ कापू नका, ओल्या टूथपिकनं परत जागेवर बसवा आणि वाळू द्या. जुना गोंद असेल तर तेवढा मात्र काढावाच लागतो. फेव्हिकॉल गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ होतो. फेव्हिक्विकला अ‍ॅसिटोन लागतं, तेही दोन-तीनदा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेलं असतात.

तेलाचा मुद्दा सागवानाला जास्त लागू. बाजारातून आलेल्या शोभेच्या पिस्तुलाचा दस्ता बहुधा शिसमचा असतो, पण गावच्या वाढयानं (सुतारानं) बदलून दिलेला असला तर तो नव्वद टक्के सागवानी. आलापल्ली-चंद्रपूरच्या पट्ट्यात दुसरं काही सुचतच नाही कोणाला, आणि सुचू नये इतकं ते लाकूड चांगलं आहे. पण सागवानात स्वतःचं तेल असतं आणि ते गोंदाला दूर ठेवतं. गोंद लावायच्या अगदी आधी दोन्ही चेहरे अ‍ॅसिटोननं पुसा, दहा मिनिटं उडू द्या आणि लगेच लावा. आदल्या दिवशी पुसून ठेवलं तर तेल परत वर येतं. जुन्या पिस्तुलात आणखी एक तेल असतं: वर्षानुवर्षं लोखंडाला लावलेलं, दस्त्यात झिरपलेलं. लाकूड त्या खाचेत काळं, मऊ पडलेलं दिसलं तर अ‍ॅसिटोनचे बोळे पुन्हा पुन्हा लावा, बोळा पिवळा यायचा थांबेपर्यंत.

स्क्रूना आणि गोंद लागू शकेल अशा धातूला मेणबत्तीचं मेण चोळा. नाहीतर अ‍ॅराल्डाइट धातूलाही तितक्याच इमानानं धरतं आणि पिस्तूल पुन्हा कधी उघडत नाही.

गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, म्हणून पाच मिनिटं थांबून दुसरा द्या. केसांच्या ड्रायरची हलकी ऊब दिली की गोंद पातळ होऊन रेषांत शिरतो. फार तापवू नका, वेळ कमी होतो. साध्या हवेत हाताशी तास-सव्वा तास मिळतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेळ साधारण निम्मा होतो, असा ढोबळ हिशोब. मे महिन्यात दुपारी ४४-४५ अंशांत २०-२५ मिनिटांवरही भरवसा ठेवू नका. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर करा. मिसळलेला गोंद वाटीत गोळा करून ठेवला तर तो स्वतःच तापतो आणि आणखी लवकर जातो. फरशीवर पसरून ठेवलेला जास्त टिकतो.

बांधायला शिकंजा चालत नाही, मूठ वाकडी आणि गोल असते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या १५-२० मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, खाली दुधाच्या पिशवीचा तुकडा ठेवून त्यावर ओढून गुंडाळा. दाब चहूबाजूंनी सारखा बसतो. पण जीव खाऊन ओढू नका. अ‍ॅराल्डाइटला फेव्हिकॉलसारखा जबर दाब नको असतो. सगळा गोंद बाहेर पिळून निघाला तर जोड उपाशी राहतो. नखानं जोडावरून फिरवून पायरी लागत नाही ना ते बघा, आणि नळी तात्पुरती ठेवून वरची रेघ सरळ आहे ना तेही. बाहेर आलेला गोंद ओला असताना पुसत बसलात तर रेषांत पसरतो. रबरासारखा झाला की ब्लेडनं काढा, सालीसारखा निघतो.

रात्री बांधलं की सकाळी पट्ट्या सोडता येतात. पण भोक पाडायचं ते २४ तासांनीच, डिसेंबर-जानेवारीत ४८.

आता पिन. ती बाहेरून दिसू नये म्हणून भोक घोड्याच्या पत्र्याच्या किंवा नळीच्या शेपटीच्या खाचेतून पाडायचं, मोड ओलांडून मुठीत उतरेल असं तिरपं. धातू परत बसला की तोंड झाकलं जातं. ४ मिलिमीटरची आटे पाडलेली सळई, ४.५ चं ड्रिल, आणि मोडीच्या दोन्ही बाजूंना निदान २५-३० मिलिमीटर. सळईचे आटे गोंदाला धरतात, गुळगुळीत खिळ्यापेक्षा खूप बरे. मूठ सडपातळ असेल तर लोखंडाऐवजी बांबूची काडी घ्या. जून, वाळलेला, सालीकडचा भाग, ४ मिलिमीटर जाडीला तासलेला. बांबू लाकडासोबत फुगतो-आक्रसतो. लोखंड तसं करत नाही, आणि पातळ भिंतीत तोच ताण तड देतो. रोज रात्री हाताळल्या जाणाऱ्या नाटकाच्या पिस्तुलाला मात्र सळईच.

ड्रिल हाताबाहेर जाऊन मुठीच्या बाजूनं बाहेर निघणं, हा इथला मोठा अपघात. मुठीच्या बाहेरून सायकलचा एक सरळ आरा भोकाच्या दिशेत टेपनं चिकटवा आणि त्याला समांतर धरून पाडा. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा. हातड्रिल असेल तर उत्तम, बिजलीचं असेल तर सगळ्यात मंद वेगावर. मध्येमध्ये काढून भुसा झाडा.

भोकात गोंद तळापासून भरा, सुईशिवायच्या सिरिंजनं. आणि पिनला लांबीनं एक खाच पाडायला विसरू नका. बंद भोकात पिन दाबली की हवा आणि गोंद अडकतो, आणि तो दाब नुकताच जोडलेला सांधा आतून उघडतो. खाच असली की जास्तीचा गोंद वर येतो. पिन फिरवत सावकाश उतरवा.

हरवलेल्या चिपळीच्या जागी त्याच लाकडाचा बारीक चाळलेला भुसा गोंदात कालवून भरा, साधारण गोंदाइतकाच. गोंदात भुसा गडद होतो, म्हणून थोडा फिका घ्या. सुकल्यावर त्या जागी रंग चढत नाही. काही मिसळायचं तर आधीच: गेरू, किंचित काजळी. पावसाळ्यात सुकलेल्या गोंदावर कधी तेलकट थर येतो. पॉलिशच्या आधी तो साबणाच्या फडक्यानं पुसून वाळवा.

वरच्या कामाबद्दल थोडक्यात. शिसमला लाखेचं स्पिरिट पॉलिश शोभतं, पण ओल लागली की पांढरट डाग येतात. भिंतीवरच्या वस्तूला ते ठीक. हातात येणाऱ्या पिस्तुलाला जवसाचं तेल बरं. घाणीवरचं कच्चं तेल सुकायला आठवडा घेतं, म्हणून हार्डवेअरमधलं उकळलेलं घ्या. पातळ लावा, वीस मिनिटांनी कोरडं पुसा, रोज एक हात, तीन-चार हात. ज्या फडक्यानं पुसलं ते चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्या मे महिन्यात तर नक्कीच जोखीम नको. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

कापलेल्या गुणाकडे येऊ. साध्या हवेत सुकलेलं अ‍ॅराल्डाइट ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, ताकद भराभर उतरते. तेवढी उष्णता आपल्याकडे फार लांब नाही. टिनाच्या छपराखालची लोखंडी पेटी, उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड, नाटकाच्या सामानाचा बंद टेम्पो. तिथे पिस्तूल आडवं, मुठीवर भार येईल असं ठेवलं तर जोड हळूहळू सरकतो आणि महिन्याभरात मूठ वाकडी दिसू लागते. पिन नसेल तर सरळ सुटतेच. याचा एक फायदाही आहे. जोड चुकीचा बसला असेल तर गरम हवेच्या गननं तापवून, पिन नसेल तोवर, तो पुन्हा उघडता येतो.

रेझिन आणि हार्डनर दोन्ही कातडीला चांगलं नाही. वारंवार लागलं की काहींना कायमची खाज सुटते, मग पुढे नुसत्या वासानंही त्रास होतो. हातमोजे घाला. हाताला लागलंच तर थिनरनं पुसू नका, ते त्याला आत नेतं. साबण आणि पाणी पुरे.

पिस्तूल पुन्हा बसवताना त्या लांब स्क्रूचं लाकडातलं भोक अर्ध्या मिलिमीटरनं मोठं करा, म्हणजे लाकूड हललं तरी स्क्रूला भिडणार नाही. स्क्रू पिळताना बोटाला अडला की तिथेच सोडा. उन्हाळ्यात नळी थोडी खुळखुळली तर खुळखुळू द्या, ऑगस्टमध्ये आपोआप घट्ट होते.